हलकी काठी, बारीक दोरी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अल्ट्रालाइट गळाबद्दल मी जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. निम्म्या पत्रांत ‘सामान कोणतं घेऊ’ आहे, उरलेल्यांत ‘एवढ्याशा काठीने होतं काय’ आहे, आणि एक पत्र चांगलंच रागावलेलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. समुद्रावरचे प्रश्न बाजूला ठेवले. आजचा सगळा मामला गोड्या पाण्याचा.

प्रश्न : ताई, मी बरीच वर्षं जाड काठी आणि मजबूत दोरी वापरतो. लागलेला मासा सहसा सुटत नाही. माझा मित्र मात्र अल्ट्रालाइटचं वेड लागल्यासारखा बोलतो. वीतभर मासे धरण्यात एवढं आहे तरी काय?

तुमच्या जाड काठीला वीतभर मासा लागतो तेव्हा काय होतं ते आठवा. काहीच होत नाही. तुम्ही रील फिरवता, मासा पाण्यावरून घसरत काठाला येतो, खेळ खलास. त्याने जोर लावला की नाही हेसुद्धा तुम्हाला कळत नाही. आता बहुतेक नद्या, ओढे, तळी यांत मासे असतात ते याच मापाचे. म्हणजे काठावर घालवलेल्या वेळातला बराचसा वेळ तुम्ही अशा माशांची वाट बघत असता जे तिथे मोजकेच आहेत, आणि जे भरपूर आहेत त्यांची तुम्हाला दखलच नाही.

अल्ट्रालाइट म्हणजे साधारण दीड ते दोन मीटरची, टोकाला अगदी मऊ असलेली काठी, एक ते पाच ग्रॅमची आमिषं, एक ते अडीच किलो ताण सोसणारी दोरी आणि ५०० किंवा १००० क्रमांकाची लहान रील. काठी आणि रील मिळून पाव किलोच्या आसपास भरतात. हातात एवढंसं वजन असलं की मनगट शिणत नाही आणि न शिणलेल्या मनगटाला पुष्कळ काही कळतं.

लहान पर्च आमिष घेतो तेव्हा आधी दोरी पाण्यावर किंचित बाजूला सरकते. मग टोकाला दोन बारीक टिचक्या बसतात. मग टोक खाली जातं आणि तिथेच थरथरत राहतं. ती थरथर म्हणजे मासा डोकं झटकतोय. ट्राउट तसं करत नाही. तो एकदम सुसाट सुटतो, नाहीतर स्वतःभोवती गिरक्या घेत दोरी अंगाला गुंडाळून घेतो. ब्लूगिल आपलं चपटं अंग पाण्याला आडवं लावतो आणि तुमच्या समोर गोल गोल फिरत राहतो, त्यामुळे तळहाताएवढा मासा दुप्पट वाटतो. थोड्या सरावाने मासा दिसायच्या आधी त्याचं नाव सांगता येतं. जाड काठीवर हे तिघे सारखेच लागतात.

अल्ट्रालाइटची मजा म्हणजे दांडगा मासा बारीक दोरीवर काढून दाखवणं, असं मानणारे बरेच आहेत. मला ते मान्य नाही. का, ते पुढे त्या रागावलेल्या पत्राच्या उत्तरात सांगते. माझ्या लेखी ही लहान माशांना त्यांचा मान देणारी काठी आहे. जपानमध्ये तर तानागो नावाच्या, बोटापेक्षा लहान माशांसाठी नखभरही नसलेले गळ वापरून मासेमारी करण्याची जुनी परंपरा आहे. (हा मासा आपली अंडी जिवंत शिंपल्याच्या आत घालतो. विषय वेगळा आहे, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.) त्यांच्यापुढे आपण सगळे जाड दोरीवाले.

प्रश्न : नायलॉन, ब्रेड की फ्लोरोकार्बन? तिघांबद्दल तीन माणसं तीन गोष्टी सांगतात. नेमकी कोणती दोरी भरू?

तिघंही आपापल्या जागी बरोबर सांगत असतील. नायलॉनच्या एकेरी दोरीला, म्हणजे आपल्या तंगूसाला, ताण आला की ती लांबते. माशाने अचानक झटका दिला तर तो झटका दोरीच अर्धा पिऊन टाकते, आणि नवशिक्याला हे फार उपयोगी पडतं. उणी बाजू अशी की नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झाल्यावर थोडं कमजोर होतं. म्हणूनच इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन विक्रमासाठी आलेल्या दोरीची ताकद ती ओली करून तपासते. उन्हानेही नायलॉन म्हातारं होतं. एवढ्या बारीक दोरीला हा तोटा जाड दोरीपेक्षा जास्त जाणवतो, तेव्हा ती बदलायला कंजुषी करू नका.

ब्रेड म्हणजे पॉलिथिलीनच्या तंतूंची विणलेली दोरी. ती जवळजवळ ताणत नाही, त्यामुळे दूरवरची टिचकी हाताला लगेच पोचते. त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा ती पुष्कळ बारीक असते : ‘पीई ०.४’ (पीई म्हणजे पॉलिथिलीन, आकडा जाडीचा क्रमांक) लिहिलेली दोरी जेमतेम ०.१० मिलिमीटर जाड असते. तिची घनता पाण्याहून थोडी कमी, सुमारे ०.९७, म्हणून ती तरंगते. वाऱ्यात मात्र तिला आवरणं कठीण, आणि दगडावर घासली की तुटलीच म्हणून समजा.

फ्लोरोकार्बनची घनता १.७८ च्या आसपास, त्यामुळे ती बुडते. नायलॉन १.१४, म्हणजे तीही बुडते, पण रमतगमत. फ्लोरोकार्बन माशाला दिसत नाही असं सांगतात. त्यात तथ्य इतकंच की पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा १.५३ च्या जवळपास. म्हणजे पाण्याच्या जास्त जवळची ती आहे, अदृश्य नाही. मासा दोरीच्या रंगापेक्षा तिच्या जाडीमुळे आमिषाला आलेल्या ताठपणाने बिचकतो, असं माझं मत आहे. मी फ्लोरोकार्बन घेते ते तिला घासणं सोसतं म्हणून.

पहिलीच वेळ असेल तर दोन किलोच्या आसपासचं चांगलं नायलॉन भरा आणि एक हंगाम दुसरं काही वापरू नका. हात बसला की बारीक ब्रेड आणि तिच्या पुढे एक-दीड मीटर फ्लोरोकार्बनचा लीडर. या दोन दोऱ्या जोडायला डबल युनी गाठ पुरते. एफजी गाठ जास्त सडपातळ आणि मजबूत असते, पण थंडीने बधिरलेल्या बोटांनी काठावर बसून ती घालायची म्हणजे संयमाची परीक्षा. कोणतीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि बारीक दोरी नेमकी तिथेच जळून कमजोर होते. नंतर मासा मोठा होता म्हणून तुटली असं आपण सांगत सुटतो.

प्रश्न : दोन ग्रॅमचं आमिष फेकलं की पायापासून चार हातांवर पडतं. काठी खराब आहे का?

काठी बहुधा ठीक आहे. आधी रीलच्या स्पूलकडे बघा. दोरी कडेपासून दोनेक मिलिमीटर खाली येईपर्यंत भरलेली हवी. अर्ध्या भरलेल्या स्पूलवरून निघणारं प्रत्येक वेटोळं कडेवर घासत निघतं. वजनदार आमिष त्या घर्षणाला जुमानत नाही, दोन ग्रॅमचं आमिष तिथेच दम तोडतं. तसं पाहिलं तर ही रील जन्मालाच हलक्या आमिषासाठी आली. इंग्लंडमधल्या अल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये न फिरणाऱ्या स्पूलच्या रीलचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या रीलमध्ये आमिषाला स्वतःच्या वजनाने अख्खं स्पूल फिरवावं लागे, आणि हलक्या आमिषात तेवढा जोर कुठला?

दुसरं म्हणजे काठीवर छापलेले आकडे. ‘१–५ ग्रॅम’ लिहिलं असेल तर ती काठी अडीच-तीन ग्रॅमला सर्वांत छान वाकते. ‘३–१० ग्रॅम’च्या काठीला दोन ग्रॅमचा पत्ताही लागत नाही. ती वाकलीच नाही तर फेकणार कशाने? फेकण्याचं काम काठीच्या वाकण्याने होतं, खांद्याच्या जोराने नाही. तुम्ही जोर लावत असणार, कारण आमिष जवळ पडलं की प्रत्येक जण जोरच लावतो.

असं करून पाहा. टोकापासून आमिष वीत-दीड वीत खाली लोंबू द्या. काठी सावकाश मागे न्या. मागे थांबताना आमिषाच्या वजनाने टोक मागच्या बाजूला वाकलेलं हाताला कळलं पाहिजे. ते कळलं त्याच क्षणी पुढे आणा, फक्त कोपर आणि मनगट वापरून, आणि टोक डोळ्यांच्या थोडं वर आल्यावर दोरी सोडा. आमिष पाण्याला टेकायच्या बेतात असताना तर्जनी स्पूलच्या कडेला लावा, दोरी सरळ होते आणि आमिष टपकन न पडता अलगद उतरतं. मग बेल, म्हणजे ती तारेची कमान, हाताने मिटा. हँडल फिरवून मिटली की एखादं ढिलं वेटोळं आत अडकतं आणि पुढच्या फेकीला त्याचा गुंता होतो.

वारा समोरून असेल तर आमिष बदला. पिसांचं, फुगीर आमिष वाऱ्यात पतंगासारखं भरकटतं. त्याच वजनाचा धातूचा छोटा चमचा वारा कापत जातो. जिगचं, म्हणजे डोक्याशी वजन जडवलेल्या गळाचं, डोकं टंगस्टनचं घेतलंत तर आणखी बरं. टंगस्टनची घनता १९.३, शिशाची ११.३, म्हणजे तेवढ्याच वजनाला आकार कितीतरी लहान. शिसं टाळायला दुसरंही कारण आहे : काठावर पडलेले बारीक मणी पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनने १९८७ पासून ठरावीक वजनापर्यंतच्या शिशाच्या वजनांवर याच कारणाने बंदी घातली. आपली वजनं तर नेमकी त्या बारीक मापातलीच.

प्रश्न : प्रत्येक खेपेला दोरीला एवढा पीळ पडतो की शेवटी कापून टाकावी लागते.

दोन गुन्हेगार असतात. एक, फिरत्या पात्याचा स्पिनर. पात्याबरोबर अख्खं आमिष फिरायला लागलं की सगळा पीळ दोरीत येतो. पुढे वीतभरावर बारीकसा बॉल बेअरिंग स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी जोडकडी, लावा. दुसरा गुन्हेगार आपण स्वतः. मासा दोरी ओढून नेत असताना, ड्रॅग (रीलमधला ब्रेक) किरकिरत असताना, आपण हँडल फिरवत राहतो. रीलचं गुणोत्तर ५.२ : १ असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात दोरीला पाच पीळ पडतात आणि मासा तसूभरही जवळ येत नाही. मासा नेतोय तोवर हँडल सोडा. आधीच पडलेला पीळ घालवायचा असेल तर आमिष काढून मोकळी दोरी वाहत्या पाण्यात लांब सोडा, थोडा वेळ तशीच राहू द्या आणि बोटांच्या चिमटीतून गुंडाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. बाबांच्या छोट्या रीलवर परवा खूप मोठा मासा लागला. मी जोरजोरात फिरवलं आणि दोरी तुटली. ड्रॅग तर मी पूर्ण घट्ट केला होता. मग तुटली कशी?

घट्ट केलास म्हणून तुटली, बाळा. ड्रॅग म्हणजे रीलमधला ब्रेक. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो घसरतो आणि दोरी सुटू देतो. तू तो पूर्ण आवळलास, म्हणजे माशाच्या आणि तुझ्या मध्ये फक्त दोरी उरली.

बाबांकडून छोटा वजनकाटा माग, अडकवायचा हूक असलेला. दोरीचं टोक त्याला बांध. तुझ्या दोरीवर किती किलो लिहिलंय ते बघ आणि त्याच्या पाव हिश्शाला ड्रॅग सुटेल असा लाव. दोरी दोन किलोची असेल तर अर्धा किलो. काटा हाताने सरळ ओढ, झटका देऊ नकोस. काट्यावर ५०० ग्रॅम दिसताच रील किरकिरली पाहिजे. हे घरी करायचं. पाण्यावर, मासा लागलेला असताना ड्रॅगची चकती पिळत बसायचं नाही.

आता पाव हिस्साच का, पूर्ण ताकद का नाही? गणित तुला आवडत असेल तर हे बघ. मासा दोरी नेतो तसा स्पूलवरचा दोरीचा थर बारीक होत जातो. ब्रेकची पकड तीच, पण ओढायची त्रिज्या कमी झाली, म्हणून दोरी सोडवायला जास्त जोर लागतो. त्रिज्या निम्मी झाली तर जोर दुप्पट. शिवाय काठी वाकलेली असते तेव्हा प्रत्येक कडीवर दोरी घासते, त्याचा ताण वेगळा. पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या लांब दोरीचाही ताण आहेच. आणि गाठीत दोरीची थोडी ताकद आधीच गेलेली असते. तू लावलेले ५०० ग्रॅम माशापर्यंत पोचताना ५०० राहत नाहीत.

मासा लागल्यावर काठी पुढे तिरकी धर, साधारण पंचेचाळीस अंशांत. तो पळाला तर पळू दे, फक्त काठी वाकलेली राहिली पाहिजे. तो थांबला की काठी हळूच वर घे, मग खाली आणताना तेवढी सुटलेली दोरी गुंडाळ. काठी वर नेताना हँडल फिरवायचं नाही. तो झुडपाकडे निघाला तर काठी आडवी करून दुसऱ्या बाजूला ओढ. मान वळली की मासा वळतो. उडी मारली तर टोक खाली झुकव, नाहीतर हवेतल्या त्याच्या सगळ्या वजनाचा झटका दोरीवर बसेल. आणि बाबांना म्हणावं, पुढच्या वेळी जाळी घेऊन शेजारी उभे राहा.

प्रश्न : तुमचं सदर वाचते, पण यावेळी स्पष्ट लिहिते. मुद्दाम बारीक दोरी घेऊन माशाला दमवून दमवून काढायचं आणि त्याला नाजूकपणा म्हणायचं, हा क्रूरपणा नाही का? सरळ मजबूत दोरीने पटकन काढलेला बरा.

रागावलेलं पत्र ते हेच, आणि त्यातला अर्धा राग मला मंजूर आहे.

मासा जिवाच्या आकांताने झुंजतो तेव्हा त्याचे पांढरे स्नायू ऑक्सिजनशिवाय काम करतात आणि लॅक्टिक आम्ल साठत जातं. ते निवळायला तासन् तास लागतात. सोडून दिलेला मासा शेपटी हलवत गेला म्हणजे वाचला असं नाही, पुढे जाऊन तो मरू शकतो. त्यात पाणी कोमट असेल तर आणखी वाईट : १० अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना जेमतेम ७.५. धापा टाकणाऱ्याची हवाच कमी केल्यासारखं ते आहे. ट्राउटसारख्या थंड पाण्यातल्या माशाला वीस अंशांच्या पुढे नुसतं जगणंही जड जातं. अशा पाण्यात मी ट्राउटसाठी काठी बाहेर काढत नाही, मग ती हलकी असो की भारी.

पण दुसरा अर्धा राग सामानावर नको, ते वापरणाऱ्यावर काढा. पाव किलोचा मासा दीड-दोन किलोच्या दोरीवर नीट लावलेल्या ड्रॅगने मिनिटभरात हाताशी येतो. त्याच्या मापाला ते सामान हलकं नाहीच, बेताचं आहे. क्रूरपणा तिथे होतो जिथे माणसाला ठाऊक असतं की या डोहात पाच-सहा किलोचे मासे आहेत आणि तरी तो फुशारकीसाठी केसाएवढी दोरी टाकतो, मग अर्धा तास त्या माशाला नाचवतो आणि फोटो काढतो. त्या माणसाशी माझंही जमत नाही. मोठे मासे असतील तिथे मोठी काठी न्यावी. अनपेक्षितपणे मोठा लागलाच तर ड्रॅग भरवशाचा आहे तोवर काठीला पूर्ण वाक देऊन, बाजूने जोर लावून त्याला लवकर आणावं; तुटली दोरी तर तुटू द्यावी.

सोडायचा मासा असेल तर गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासा सुटतो अशी तक्रार येते, पण दोरी ताणलेली असेल तर क्वचितच सुटतो, आणि काढताना ओठ फाटत नाही. तिहेरी गळाऐवजी एकेरी लावा. हात ओले करा, कारण अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताला चिकटून निघाला की तिथे रोग धरतो. जाळी रबराची, गाठी नसलेली घ्या. गळ घशात खोल गेला असेल तर उपसत बसू नका, दोरी जवळून कापा. तशा माशाची जगण्याची आशा जास्त असते. तिलापियाच्या नेहमीच्या जातींत मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, आणि घाबरली की ती थुंकून टाकते. उथळ पाण्यात तळाला ताटलीसारखे खळगे दिसू लागले की वीण सुरू आहे असं समजून मी दुसरीकडे जाते.

तुम्ही पुढच्या वेळी काठावर भेटलात तर आपलं भांडण इतकं मोठं उरणार नाही असं मला वाटतं.

प्रश्न : ओढ्यावर गेलो की सगळीकडे पाणी सारखंच दिसतं. आमिष टाकायचं कुठे?

धावतं पाणी आणि थांबलेलं पाणी जिथे एकमेकांना घासतं ती रेघ शोधा. माशाला पोहायला शक्ती लागते आणि ती खाण्यातून मिळते. म्हणून तो संथ पाण्यात उभा राहतो आणि शेजारच्या वेगवान पाण्यातून वाहत येणारं खाणं उचलतो. मोठ्या दगडाच्या मागे तशी जागा असते हे सर्वांना माहीत असतं. दगडाच्या पुढच्या बाजूलाही पाणी आपटून मंदावतं आणि तिथेही चांगला मासा असतो, हे फारसं कोणी बघत नाही. मासे प्रवाहाकडे तोंड करून असतात, तेव्हा तुम्ही खालच्या अंगाने, वाकून, जड पावलं न टाकता जा. आमिष त्या जागेच्या वर टाका आणि वाहत येऊ द्या. दोरी फक्त ढिली पडू नये एवढीच गुंडाळा.

हलक्या जिगचा खरा फायदा इथे आहे. एक ग्रॅमचं जिग दगड-कपारीत पटकन बुडून अडकत नाही. ते पाण्याबरोबर तरंगत, बुडत, पुन्हा उचलत जातं आणि माशाच्या नजरेसमोर जास्त वेळ राहतं. साचलेल्या पाण्यात आमिष पडल्यापासून मनात आकडे मोजा. आठाला टिचकी बसली तर पुढच्या वेळीही आठापर्यंत मोजून गुंडाळायला लागा. मासे त्या दिवशी त्या खोलीवर आहेत.

पाणी गढूळ असेल तर पातं फिरणारा स्पिनर लावा. माशाच्या अंगावरच्या बाजूच्या रेषेला पाण्यातली कंपनं जाणवतात, दिसलं नाही तरी पातं कळतं.

प्रश्न : ८ नंबरचा गळ मोठा की १२ नंबरचा? आणि लहान माशांना कोणता?

आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. वीतभर माशांना ८ ते १२ चालतात. शंका आली तर लहान घ्या. लहान गळावर मोठा मासा येतो, मोठ्या गळावर लहान मासा नुसतं आमिष खाऊन जातो.

प्रश्न : ढग गडगडत असताना मासे चांगले लागतात म्हणतात. खरं का?

असेना का. कार्बन फायबरची काठी वीज वाहून नेते, आणि तुम्ही उघड्या काठावर ती उंच धरून उभे असता. पहिला गडगडाट ऐकू आला की काठी आडवी ठेवून आसरा गाठा. विजेच्या तारांखालून जातानाही काठी मोडून, म्हणजे दोन भाग वेगळे करून न्या.

प्रश्न : नव्या काठीचं टोक तीन बोटांवर मोडलं. मासाही लागलेला नव्हता! आता काय करू?

बहुतेक टोकं मासा नसतानाच मोडतात. दाराच्या फटीत सापडतात, गाडीत काही वर पडतं, नाहीतर आमिष झाडात अडकलं म्हणून माणूस काठीनेच हिसके देतो. अडकलेलं आमिष सोडवताना काठी दोरीच्या सरळ रेषेत धरायची आणि दोरी हाताला कापड गुंडाळून ओढायची. वाकलेल्या काठीने कधीच नाही. मासा पायाशी आला असताना काठी खांद्यामागे उभी केली तरीही सगळा वाक टोकातच येतो आणि ते जातं.

तीन बोटांवरच मोडलंय तर दुरुस्ती घरी होते. मोडकी कड बारीक पॉलिश पेपरने सारखी करा. आता टोक थोडं जाड झालंय, तेव्हा नळी किंचित मोठी असलेली टोकाची कडी घ्या. ती गरम करून वितळणाऱ्या गोंदाने बसवा, आणि बाकीच्या कड्यांच्या ओळीत आहे ना हे गोंद गार व्हायच्या आत डोळा लावून बघा. ज्योत थेट काठीला लावू नका, कार्बनमधलं रेझिन बिघडतं. गरम करायचा तो गोंद आणि धातूची नळी. कायमचा चिकटणारा गोंद टाळा, पुढे कडी बदलायची वेळ येतेच. काठी आता जराशी कडक होईल, एक ग्रॅमपेक्षा दोन ग्रॅमला बरी चालेल. मोड याहून खाली, म्हणजे वीतभर असता, तर दुरुस्ती करून उपयोग नव्हता. तेव्हा काठीचा वरचा भाग सुटा मिळतो का ते आधी विचारायचं, अख्खी काठी टाकायची घाई करायची नाही.